कासवबेटाचा भयांक

राष्ट्राचं स्वातंत्र्य रक्तानं लिहिलं जातं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्यागानं राखलं जातं, असं कासवबेटाच्या राज्यघटनेच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे. प्रत्यक्षात कासवबेटाचं स्वातंत्र्य निळ्या बॉलपेननं लिहिलं गेलं, आणि त्याला कारण झाली रविवारची लाँच.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजूर घेऊन निघालेलं कोकणातलं एक गलबत हिंदी महासागरात वाट चुकलं. आधी ते थोरल्या बेटाला लागलं. जे जागे होते ते तिथं उतरले. जे झोपले होते ते चौदा मैल पुढं कासवबेटावर उतरले. तेव्हापासून दोन्ही बेटांवर मराठी बोलली जाते, सोयरिकी एकमेकांतच होतात, आणि थोरल्या बेटाचे लोक स्वतःला जरा जास्त हुशार समजतात. राज्य अर्थातच जागे राहिलेल्यांचं होतं. कासवबेटानं तेही चालवून घेतलं. पण सन २०५९मध्ये थोरल्या बेटाच्या सरकारनं रविवारची पावणेदहाची लाँच साडेसातला केली. रविवारी साडेसातला निघायचं, तर माणसानं अंघोळ कधी करायची आणि घावणे कधी खायचे? सार्वमत झालं. अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं. उरलेल्या दोन टक्क्यांना साडेसात सोयीचं पडत होतं. थोरल्या बेटानंही फार ताणून धरलं नाही. त्यांनी कागदावर सही केली, लाँच पुन्हा पावणेदहाची केली आणि पेन परत मागून घेतलं.

पंतप्रधान म्हणून बाळकृष्ण तारी निवडून आले. ते धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत तेवीस वर्षं बसले होते, त्यामुळं एकेचाळीस हजार प्रजेचे चेहरे त्यांना पाठ होते. इतका राजकीय अनुभव बेटावर दुसऱ्या कुणाला नव्हता. पहिल्याच वर्षी ते एका आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले आणि बदलून आले. तिथं दक्षिण सागरी संरक्षण संघाच्या सदस्य देशांना पुढच्या रांगेत गादीच्या खुर्च्या होत्या आणि दुपारी पान मांडून जेवण होतं. बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा आणि दोन बिस्किटं.

"राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे," परत आल्यावर बाळादादा धक्क्यावरच्या सभेत म्हणाले. "एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असा त्या संघाचा नियम आहे. आपण त्यात पाहिजे."

"पण आपल्यावर हल्ला करणार कोण?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ते अर्जात भरायचं आहे," बाळादादा म्हणाले.

हा अर्ज वसुधा कांबळीच्या गळ्यात पडला.

वसुधा बेटाच्या एकमेव सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची प्रमुख होती. नात्यानं बाळादादांची आतेबहीण. पण बेटावर ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, तिथं प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी असतोच. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की बावीस वर्षांत तिनं एकाही नोंदीत खाडाखोड केली नव्हती. आणि दुसरी अशी, की तिच्या केतकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा थोरल्या बेटावरचा. वरात रविवारच्या लाँचनं येणार होती.

राष्ट्राच्या संरक्षणाचा आणि सांडपाण्याचा संबंध सागरसंघाच्या शास्त्रज्ञांनी लावला होता. पूर्वी कुठलाही देश उठायचा आणि शेजारी डोळे वटारतो म्हणून संरक्षण मागायचा. खरं कोण आणि नाटकी कोण, हे कळायला मार्ग नव्हता. भाषणं खोटी असतात आणि जनमत चाचण्या त्याहून. लघवीला मात्र खोटं बोलता येत नाही. माणूस धास्तावला, की त्याच्या मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. काही तासांनी त्याचे अवशेष शरीराबाहेर पडतात, आणि पुढं गटारात. एका माणसाच्या कॉर्टिसॉलवरून काही ठरत नाही, त्याची फक्त सासू आलेली असू शकते. पण सगळ्या देशाचं पाणी एका टाकीत चोवीस तास जमवलं, तर तो देश किती घाबरला आहे याचा हिशेब लागतो. पाऊस पडून पाणी पातळ झालं तरी अडत नाही. शरीर क्रिएटिनिन नावाचा दुसरा एक पदार्थ रोज जवळपास ठरल्या मापानं टाकत असतं. तो म्हणजे टाकीतला हजेरीपट. हजेरीशी भीतीचं प्रमाण काढायचं, की झाला त्या देशाचा भयांक. साठाच्या खाली असेल, तर धोका जाणवत नाही म्हणून अर्ज नामंजूर. पंच्याऐंशीच्या वर गेला, तर देश भेदरट म्हणून नामंजूर. मधे असाल तर स्वागत.

बॅगेएवढं एक यंत्र जानेवारीत आलं. वसुधानं टाकीतलं पाणी घातलं, वीस मिनिटं वाट पाहिली आणि आकडा वहीत लिहिला. अकरा.

जगातला तोवरचा नीचांक एकोणीस होता, आणि तो एका ओसाड बेटावरच्या पक्षी-अभ्यासकांच्या छावणीचा होता.

बाळादादा नाकाला रुमाल लावून केंद्रावर आले.

"वसू, अकरा म्हणजे काय गो? नापास?"

"तोंडी परीक्षेलासुद्धा बसू देणार नाहीत."

"यात थोडं काही घालता येत नाही का?"

"काय घालू?"

"भीती."

"दादा, टाकी सगळ्या देशाची आहे आणि सही माझी आहे," वसुधा म्हणाली. "भीती तू घाल. घराघरांत घाल. टाकीत आली की मी मोजते."

बाळादादांनी ते मनावर घेतलं. राष्ट्रीय सज्जता सप्ताह जाहीर झाला आणि 'शत्रू दाराशी आहे' अशी पत्रकं घरोघर वाटली. लोकांनी त्यांवर कोकमाची सोलं वाळत घातली. मग एका मंगळवारी सकाळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवायचं ठरलं. बेटावर भोंगा एकच होता, आणि तो मासळीच्या धक्क्यावर होता. पन्नास वर्षं तो एकाच कारणासाठी वाजत आला होता. तो वाजल्याबरोबर सगळा देश पिशव्या घेऊन समुद्राकडं पळत सुटला. योगायोगानं त्या दिवशी खरोखरच बांगडा आला होता.

दुसऱ्या दिवशी भयांक नऊ भरला.

"आता शेवटचा उपाय," बाळादादा म्हणाले. "पमीला सांग."

पमी म्हणजे प्रमिला, वसुधाची धाकटी बहीण. ती लग्न होऊन थोरल्या बेटावर गेली आणि तिथल्या तटरक्षक दलात बढत्या घेत घेत कॅप्टन झाली. थोरल्या बेटाच्या आरमारात लढण्याजोगी बोट एकच होती आणि ती पमीच्या ताब्यात होती. म्हणजे कासवबेटाला सगळ्या जगात जर कुणाचा धोका असेल, तर तो काटेकोरपणे बोलायचं तर पमीचा होता.

वसुधा धक्क्याच्या टोकाला गेली. थोरल्या बेटाचा सिग्नल फक्त तिथल्या बाकापर्यंत पोचायचा, म्हणून परदेशी फोन करायचा तर सगळा देश त्या बाकावर येऊन बसे. खासगी बोलणं ही सोय बेटावर नव्हतीच, पण तिच्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

"पमे, दादा म्हणतो एकदा बोट घेऊन जवळ ये आणि जरा उग्र दिस."

"किती उग्र?"

"लोक घाबरतील इतपत."

"बघते. गुरुवारी डिझेल भरायचंच आहे," पमी म्हणाली. "तोफेवरचं ताडपत्रीचं झाकण काढू?"

"काढ. पण पुसून घे, मागच्या वेळी फार गंजलेली दिसत होती."

गुरुवारी सकाळी राखाडी रंगाची गस्तनौका कासवबेटाच्या हद्दीत शिरली. तोफ धक्क्याकडं वळली. कॅप्टन गणवेशात, कमरेवर हात ठेवून, बोटीच्या पुढच्या टोकावर उभी होती. धक्क्यावर तीन-चारशे माणसं जमली. सगळ्यांच्या माना तोफेकडं वळल्या. बाळादादांचा चेहरा आशेनं उजळला.

"अगो, ही तर आपल्या वसूची पमी!" बेटभर बातम्या पोचवणाऱ्या कमळाकाकी ओरडल्या.

वैर आपल्या जागी आणि माहेरवाशीण आपल्या जागी. दारात आलेल्या लेकीला रिकाम्या हातानं परत पाठवण्याची रीत कासवबेटाला माहीत नव्हती. शत्रूला धक्क्यावर उतरवून घेण्यात आलं. खुर्ची आली, हळदकुंकू आलं, नारळ आला. ओटी घ्यायला पदर हवा आणि गणवेशाला पदर नव्हता, म्हणून कॅप्टननं टोपी पुढं केली. टोपीत तांदूळ, नारळ आणि खण घेऊन पमी खलाशांसह कमळाकाकींकडं जेवायला गेली. जाताना खलाशांनी फणस मागितला. आक्रमण दुपारी चार वाजता आटोपलं.

भयांक आठ.

"आमची प्रजाच नालायक आहे," बाळादादा म्हणाले आणि केंद्राच्या पायरीवर बसले. या वेळी ते नाकाला रुमाल लावायलाही विसरले होते. वसुधानं त्यांना चहा दिला. तिला त्यांची दया आली. तिकीटखिडकीत बसलेल्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना पुढच्या रांगेत बसवलेलं असतं. त्यालाही एकदा गादीच्या खुर्चीवर बसावंसं वाटलं, तर त्यात वाईट काय होतं?

मे महिन्यात अंतिम मोजणीसाठी सागरसंघाच्या डॉ. सिग्रिड हाल्वोर्सेन आल्या. उंच, नम्र बाई. त्यांच्या गळ्यात भाषांतर करणारी डबी होती. तिला मराठी कुणी शिकवलं कोण जाणे, पण ती सरकारी परिपत्रकासारखी बोलायची. बाईंनी हसून दोन शब्द बोलावेत आणि डबीनं म्हणावं, "आपल्या आतिथ्याची सानंद नोंद घेण्यात येत आहे."

बाईंनी नियमांचं बाड टेबलावर ठेवलं. बाळादादांनी त्यातलं पहिलं पान वाचलं होतं. वसुधा अशी बाडं शेवटापासून वाचायची. बावीस वर्षांच्या नोकरीत तिला एवढं कळलं होतं, की घाण नेहमी तळाशी असते. परिशिष्ट तीन, कलम चौदा. 'ज्या राष्ट्रापासून धोका असल्याचे अर्जदाराने नमूद केले असेल, त्या राष्ट्राशी होणारी सर्व नियमित जलवाहतूक सदस्यत्वाच्या दिवसापासून बंद राहील.'

तिनं ते दोनदा वाचलं. चारशे मैलांच्या परिघात थोरल्या बेटाशिवाय दुसरं राष्ट्रच नव्हतं, आणि थोरल्या बेटाशी नियमित जलवाहतूक म्हणजे रविवारची लाँच. रविवारी केतकीचं लग्न होतं. वरात काय पोहत येणार?

ती तडक धक्क्यावरच्या बाकावर गेली.

"पमे, लाँच बंद होणार."

"दुरुस्तीला काढताहेत?"

"नाही गो, कायमची. आम्ही संघात गेलो, की तू शत्रू."

 मग पमी म्हणाली, "ताई, मी केतकीची मावशी आहे. अंतरपाट कोण धरणार?"

वसुधानं फोन ठेवला आणि मागं वळून पाहिलं. बाकामागं चाळीसेक माणसं उभी होती. एकाच्याही चेहऱ्यावर रंग नव्हता. त्या आठवड्यात बेटावर चौदा लग्नं होती आणि त्यांतली अकरा थोरल्या बेटावरच्या सोयऱ्यांशी ठरली होती. बातमी कमळाकाकींच्या परसापर्यंत पोचायला सात मिनिटं लागली, आणि तिथून पुढं तिला रस्ता लागला नाही.

दोन दिवसांनी डॉ. हाल्वोर्सेन यांच्या देखरेखीखाली टाकीतला नमुना यंत्रात गेला. वीस मिनिटं झाली. वसुधानं आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

एकाहत्तर.

"जमलं!" बाळादादांनी टाळी वाजवली. "वसू, आपला देश घाबरला!"

"अभिनंदन करण्यात येत आहे," डबी म्हणाली. बाईंचा चेहरा खराच आनंदी दिसत होता. त्यांनी शेवटचा तक्ता पुढं सरकवला. त्यात तीनच रकाने होते : मोजलेला भयांक, धोक्याचं उगमस्थान, आणि मोजणी-अधिकाऱ्याची सही.

वसुधानं पहिल्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं.

"आता 'थोरलं बेट' लिही," बाळादादा हळूच म्हणाले.

"दादा, ते खरं नाही."

"अगो, खरं-खोटं कोण बघतं? आकडा खरा आहे ना?"

"आकडा खरा आहे म्हणूनच म्हणते. तोफ आली तेव्हा आठ होता. लाँच बंद होणार म्हटल्यावर एकाहत्तर झाला. हे लोक पमीला घाबरले नाहीत."

"वसू," बाळादादांचा आवाज खाली आला, "माझी खुर्ची..."

"आणि माझी केतकी," वसुधा म्हणाली. "पण मी तिच्यासाठी लिहीत नाहीये. बावीस वर्षांत खोटी नोंद केली नाही, ती आता तुझ्या गादीसाठी करू?"

असं म्हणून तिनं दुसऱ्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'दक्षिण सागरी संरक्षण संघ, परिशिष्ट तीन, कलम चौदा'. खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

डॉ. हाल्वोर्सेन यांनी डबी तक्त्यावर धरली. डबीनं मजकूर दोनदा वाचला. मग बाई सावकाश काहीतरी बोलल्या.

"असे यापूर्वी घडल्याचे अभिलेखात आढळून येत नाही," डबी म्हणाली.

बाईंनी बाड उघडलं. दीड तास त्या पानं उलटत होत्या. बाळादादा खिडकीतून टाकीकडं बघत होते. वसुधा केतकीच्या रुखवताची यादी करत होती. शेवटी बाईंनी निर्णय सांगितला आणि डबीनं तो मराठीत घोळवला. ज्या संघापासून अर्जदाराला भीती वाटते, त्याच संघात अर्जदाराला घेणं नियमाला धरून होणार नाही. सबब अर्ज नामंजूर. मात्र धोका शास्त्रीय रीतीनं सिद्ध झालेला आहे. सिद्ध झालेल्या धोक्यापासून अर्जदाराचं संरक्षण करणं संघावर बंधनकारक आहे. म्हणून कासवबेटाला सागरसंघापासून सागरसंघाचं संपूर्ण संरक्षण देण्यात येत आहे.

"म्हणजे काय?" बाळादादांनी विचारलं.

"संघ आपल्या वाटेस जाणार नाही," डबी म्हणाली, "आणि गेल्यास संघ संघास अटकाव करील."

"आणि परिषदेत आमची जागा?"

बाईंनी पान उलटलं. 'संरक्षित राष्ट्र' असा एक प्रकार नियमांत होता, आजवर कुणी वापरलेला नव्हता. त्याला मताचा अधिकार नव्हता.

"खुर्ची?"

"गादीची," डबी म्हणाली.

"जेवण?"

"पान मांडून."

बाळादादा उठले आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वसू," ते म्हणाले, "मी म्हणालो नव्हतो, नोंद नेहमी खरी करावी म्हणून?"

रविवारी सकाळी थोरल्या बेटावरून पावणेदहाला सुटलेली लाँच साडेअकराला वरात घेऊन आली. सगळे अंघोळ करून, घावणे खाऊन आले होते. पमीनं अंतरपाट धरला. धरताना ती इतकी रडली, की भटजींना दोनदा मंगलाष्टकं थांबवावी लागली. डॉ. हाल्वोर्सेन यांना पहिल्या पंगतीत बसवण्यात आलं. जिलबीचा तिसरा आग्रह झाल्यावर त्यांनी हात आडवा धरला, पण डबीनं त्याचं भाषांतर "प्रस्ताव विचाराधीन आहे" असं केलं, आणि वाढणाऱ्यानं आणखी दोन वाढल्या. बाळादादांनी भाषण केलं. आपल्या चिमुकल्या राष्ट्रानं एका बलाढ्य आघाडीला एका आकड्यानं कसं रोखलं, हे त्यांनी सांगितलं. पुढं तो दिवस सरकारी सुट्टी म्हणून जाहीर झाला, आणि शाळेच्या पुस्तकात 'वैशाखाचा विजय' नावाचा धडा आला.

सोमवारी दुपारी यंत्र परत जायचं होतं. वसुधा ते बॅगेत भरायला बसली, तेव्हा चाचणीची एक कुपी उरलेली दिसली. चांगली वस्तू वाया घालवणं तिच्या जिवावर आलं. केंद्राच्या फ्रीझरमध्ये ती दर महिन्याची एक बाटली तारीख घालून जपून ठेवायची, नियमात तसं लिहिलं होतं म्हणून. तिनं हाताला लागेल ती बाटली काढली. गेल्या वर्षीचा मे, वैशाखातलीच. तेव्हा बेटावर संघाचं नाव नव्हतं, अर्ज नव्हता, कलम चौदा बेटावर कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. तिनं पाणी वितळवलं, यंत्रात घातलं आणि वीस मिनिटं वाट पाहिली.

बहात्तर.

त्या आठवड्यात बेटावर पंधरा लग्नं होती.